कावेरीकाठावरून दिसणारी रणजी

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुत त्यागराजांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि घनराग पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. त्यागराज गेले ते १८४७ साली, याच तिथीला. तंजावरात तेव्हा भोसले गादीवर होते. मार्गळी महिन्यात मद्रासच्या सभांमधून सुरू झालेला संगीताचा मोसम पक्क्या रसिकाच्या लेखी इथे, कावेरीच्या काठी येऊन संपतो. दिवस जानेवारीचे, नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीचे. पोंगल होऊन गेलेला असतो, आसपासच्या शिवारांत भाताची कापणी चालू असते आणि वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर रणजी करंडकाची साखळी संपत आल्याने बाद फेरीची गणितं सुरू झालेली असतात.

मराठी वाचकाने रणजीचा इतिहास बहुतेक करून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ऐकला आहे. मुंबई ४२ वेळा विजेती, सलग १५ वर्षं विजेती, खडूस खेळ, वगैरे. तोच इतिहास कावेरीच्या खोऱ्यातून पाहिला तर चित्र जरा वेगळं दिसतं. तमिळनाडूच्या नावावर करंडक दोनच. बाकी कहाणी शेवटच्या पंधरवड्यातल्या हुकलेल्या संधींची आहे आणि त्यातल्या बऱ्याच वेळा वाटेत मुंबई आडवी आलेली आहे.

मोसमाच्या अखेरच्या क्षणांना जपून ठेवण्याचं काम अमेरिकन माणसाइतकं कोणी केलं नसेल. तिथल्या बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो आणि एवढा रगाडा उपसून झाल्यावर कधीकधी सगळं एका रात्रीवर येतं. २८ सप्टेंबर २०११ ची रात्र तशी होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला बोस्टन रेड सॉक्स टँपा बे रेजच्या नऊ सामने पुढे होते. शेवटच्या दिवशी दोघं बरोबरीत आले. रेज यांकीजविरुद्ध ०-७ असे मागे पडले होते. तिकडे बोस्टन बाल्टिमोरमध्ये विजयापासून एका चेंडूवर उभं होतं. बोस्टन हरलं आणि काही मिनिटांतच इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात चेंडू कुंपणापार भिरकावून रेजना ८-७ असं जिंकून दिलं. त्याही आधीची, ३ ऑक्टोबर १९५१ ची गोष्ट तर तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते: ऑगस्टमध्ये साडेतेरा सामने मागे असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सनी ब्रुकलिन डॉजर्सना गाठलं आणि निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावात बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाला फटका मारून ५-४ असा निकाल लावला. पन्नास वर्षांनी उघड झालं की त्या मोसमात जायंट्स मैदानाच्या टोकावरून दुर्बिणीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते. आख्यायिका मात्र जागची हलली नाही.

आपल्याकडे या जातीचं नाट्य रणजीच्या बाद फेरीत घडतं. फरक दोन. एक, ते पाहायला फारसं कोणी नसतं. दुसरा फरक नियमाचा. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. अनेक जाणकार या नियमाला नावं ठेवतात, पाचही दिवस रटाळ होतात म्हणतात. पण भारतीय क्रिकेटमधले कितीतरी श्वास रोखायला लावणारे क्षण याच नियमाच्या पोटातून आले आहेत. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाला इतकं महत्त्व जगात दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत मिळत असेल असं वाटत नाही.

स्पर्धेचा पहिलावहिला सामना मद्रासचाच, म्हणजे आजच्या तमिळनाडूचा. ४ नोव्हेंबर १९३४ ला चेपॉकवर मद्रासने म्हैसूरला एका दिवसात डावाने गुंडाळलं. ए. जी. राम सिंग यांनी ११ बळी घेतले. सुरुवात इतकी झोकात झाली आणि शेवट मात्र हाती लागेना. १९४०-४१ च्या अंतिम सामन्यात मद्रासमध्ये येऊन करंडक नेला तो महाराष्ट्राने. कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर, वय ४९. संघात विजय हजारे होते. आदल्या वर्षीही महाराष्ट्रच जिंकला होता, त्यामुळे पुण्याला हे आता दरवर्षीचं झालं असं वाटलं असणार. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राला करंडक मिळालेला नाही. १९७१, १९९३ आणि २०१४ असे तीन अंतिम सामने हरून झाले. त्यातला १९७१ चा पराभव जास्त झोंबणारा: मुंबईचे गावसकर-वाडेकर वेस्ट इंडीजला गेलेले, सुधीर नाईक यांच्या हाताखाली उरलेला संघ, तरी चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राला जमलं नाही.

मद्रासला पहिला करंडक १९५४-५५ मध्ये मिळाला, तोही परक्या अंगणात. इंदूरला होळकर संघाविरुद्ध बालू अलगनन यांच्या संघाने ४६ धावांनी बाजी मारली. ए. जी. कृपाल सिंग या सामन्यात चमकले. हे त्याच राम सिंगांचे चिरंजीव.

चाळीसच्या दशकात धावांचे ढीग पडत होते आणि वेळेचं बंधन नव्हतं. मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्नवर होळकरविरुद्ध अंतिम सामन्यात विजय मर्चंटने २७८ काढल्या, समोरून डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९. एका धनिक चाहत्याने शतकानंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस जाहीर केलं आणि कॉम्प्टन थांबेचना म्हटल्यावर गृहस्थ तातडीच्या कामाला कलकत्त्याला निघून गेले, असा किस्सा सांगतात. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यात मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, नऊ शतकं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात यापेक्षा जास्त धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत. विक्रम म्हणून थोर. पण शेवटच्या क्षणाची थरथर त्यात नाही. ३५४ धावांनी हरणाऱ्याला शेवटच्या सकाळी कसली आशा असणार?

थरथर पाहायची तर १९७३ च्या अंतिम सामन्याला चेपॉकवर यावं.

तमिळनाडूकडे व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन अव्वल फिरकी गोलंदाज होते. खेळपट्टी त्यांना साजेशी, म्हणजे मराठीत आपण जिला आखाडा म्हणतो तशी. मुंबईचा पहिला डाव १५१ वर आटोपला. दक्षिणेत पोंगल पुन्हा आल्यासारखं वाटलं असेल. तमिळनाडूच्या वाट्याला मात्र पद्माकर शिवलकर आले. त्यांनी १६ धावांत ८ गडी घेतले, तमिळनाडू ८० वर संपली. दुसऱ्या डावात मुंबईला ११३ वर रोखूनही फायदा झाला नाही, कारण शिवलकरांनी १८ धावांत ५ आणि एकनाथ सोलकरने २३ धावांत ५ गडी घेऊन यजमानांना ६१ मध्ये गारद केलं. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला सामना संपला. मैदानावर त्या सकाळी तिकीट काढून आलेल्यांनी नेमकं एकदा टाळ्या वाजवल्या असतील किंवा तेवढ्याही नाही.

या सामन्यात तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी हॅटट्रिक घेतली होती. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती पहिली. हरलेल्या बाजूची हॅटट्रिक लोक विसरतात, तशी तीही विसरली गेली. ती पुन्हा आठवायला ४५ वर्षं लागली, त्याकडे पुढे येऊ. शिवलकरांचं तरी काय झालं? ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊन ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात, त्याच हाताने गोलंदाजी करत होते. शिवलकर गातही उत्तम. संगीताच्या मोसमाने वेडावलेल्या शहरात येऊन एका मराठी गायक-गोलंदाजाने यजमानांचा बेरंग करावा, हा योग मजेचाच.

मुंबईची १५ वर्षांची मालिका पुढच्याच वर्षी बंगळुरूत तुटली. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, जम बसलेले वाडेकर घसरून धावचीत झाले, विश्वनाथच्या दीडशतकाच्या जोरावर कर्नाटकने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि करंडक प्रथमच कावेरीच्या वरच्या अंगाला गेला.

आघाडीच्या नियमाचा कळस १९८१-८२ च्या मोसमात झाला. उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या रघुराम भटने मुंबईची अशी दाणादाण उडवली की दुसऱ्या डावात गावसकर त्याच्यासमोर डावखुरा उभा राहिला आणि इतरांना उजव्या हाताने खेळला. डावखुऱ्या फिरकीचा बाहेर जाणारा चेंडू आत यावा, एवढाच त्यामागचा हिशेब. सामना हातचा गेलाच होता. काहींना हा कर्नाटकचा अपमान वाटला. वास्तविक खराब खेळपट्टीवर तग धरण्याचा इतका शहाणा उपाय दुसरा कोणता सुचला असता, हे टीकाकारांनी कधी सांगितलं नाही. पुढे अंतिम सामन्यात कर्नाटकने कोटलावर ७०५ धावा केल्या आणि झोपी जायला हरकत नव्हती. दिल्ली ८ बाद ५८९. तिथून राकेश शुक्ला (नाबाद ६९) आणि राजेश पीटर (नाबाद ६७) यांनी ११८ धावांची भर घालून दिल्लीला ७०७ वर नेलं. पीटर मुळात वेगवान गोलंदाज. त्या एका डावाने त्याचं नाव राहिलं.

आता १९९१. मराठी माणसाला हा सामना सांगावा लागत नाही, तरी तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. मे महिना, वानखेडे, अंगाची काहिली. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ केल्या, त्यात दीपक शर्माच्या १९९. मुंबईला अखेरच्या दिवशी उरलेल्या वेळात ३५५ हव्या होत्या. तीन गडी ३४ धावांत गेले. अठरा वर्षांच्या सचिनने ७५ चेंडूंत ९६ काढल्या आणि तो गेला. दिलीप वेंगसरकरने पस्तिशीत, स्नायू आखडलेले असताना किल्ला लढवला. योगेंद्र भंडारीच्या एका षटकात २६ धावा झोडल्या. नववा गडी पडला तेव्हा पन्नास धावा बाकी होत्या आणि समोर ॲबी कुरुविल्ला. या जोडीने ४७ जोडल्या. वेंगसरकरसाठी लालचंद राजपूत धावत होता. तीन धावा हव्या असताना एक चोरटी धाव घेण्याच्या गडबडीत कुरुविल्ला धावचीत झाला. हरियाणा २ धावांनी विजयी. नाबाद १३९ वर वेंगसरकर खेळपट्टीवरच ढसाढसा रडला.

कपिल देवच्या हरियाणाचा तो एकमेव रणजी करंडक. पण आठवण म्हणून शिल्लक राहिले वेंगसरकरचे अश्रू. दीपक शर्माला १९९ वर एका धावेसाठी काय वाटलं असेल, हे विचारायला कोणी थांबलं नाही. मुंबईच्या पराभवालाही मुंबईच्या बाजूनेच आठवायचं, हा आपला जुना खोडसाळपणा आहे. तमिळनाडूकडे १९८७-८८ मध्ये आलेला दुसरा करंडक पाहा. एस. वासुदेवनच्या संघाने रेल्वेला चेपॉकवर डावाने हरवलं, ३३ वर्षांचा उपास सुटला. मुंबईच्या कट्ट्यावर तो सामना किती जणांना आठवतो?

त्यांना आठवतो तो एप्रिल २०००. हॅन्सी क्रोनिए प्रकरण त्याच महिन्यात फुटलेलं, क्रिकेटवरून मन उडालेलं. वानखेडेवर उपांत्य सामन्यात तमिळनाडूने ४८५ केल्या, हेमांग बदानीचं मोठं शतक. मुंबईच्या डावात एका टोकाला सचिन आणि दुसऱ्या टोकाला ये-जा. तळाच्या फलंदाजांना एकेक चेंडू वाटून देत त्याने नाबाद २३३ केल्या. मुंबई ४९०. आघाडी पाच धावांची! त्या आघाडीनंतर तमिळनाडूचा दम सुटला आणि मुंबईने सामना सरळच जिंकला. पुढे २००३ आणि २००४ असे लागोपाठ दोन अंतिम सामने तमिळनाडू मुंबईकडूनच हरली. २०१२ मध्ये एकदा सूड उगवला. वानखेडेवर मुंबईला उपांत्य फेरीत आघाडीवर बाहेर काढलं, पण चेपॉकच्या अंतिम सामन्यात राजस्थानने ६२१ धावांचा डोंगर रचून करंडक पळवला. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटच्या उपांत्य सामन्यात सतरा वर्षांचा पृथ्वी शॉ पहिलाच रणजी सामना खेळत होता. त्याने शतक ठोकून तमिळनाडूला घरी पाठवलं.

मुंबईच्या गुणांत मोसमअखेर सावरण्याचा गुण खरा, हे कबूल करावं लागतं. २००६-०७ मध्ये अमोल मुजुमदारचा संघ पहिले तीन सामने हरला होता. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर शून्यावर पाच गडी बाद लागले. शून्य! तो सामना मुंबईने जिंकला आणि नंतर करंडकही. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला मनीष पांडेच्या १४४ धावांमुळे कर्नाटक ३३८ च्या पाठलागात जवळजवळ पोहोचलं होतं. अजित आगरकरने पाच बळी घेतले, मुंबई ६ धावांनी जिंकली. मैदानाबाहेर झाडांवर चढून लोक तो सामना पाहत होते.

पण गेल्या काही वर्षांतला सगळ्यात भरगच्च क्षण मुंबईच्या पराभवातून आला आणि त्याचा नायकही मुंबईचाच. चंद्रकांत पंडित १९९१ च्या त्या हरलेल्या संघात यष्टिरक्षक होता. १९९९ मध्ये तो मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना खेळला. पहिल्या डावात आघाडी असूनही शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ कोसळला. २६ जून २०२२ ला, त्याच मैदानावर, मध्य प्रदेशचा प्रशिक्षक म्हणून त्याने मुंबईला सहा गड्यांनी हरवलं. होळकरांच्या परंपरेला नव्या नावाने पहिला करंडक मिळाला. पंडितला हुंदका आवरला नाही.

मधल्या काळात त्याने विदर्भाचं नशीब पालटलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात ईडन गार्डन्सवर कर्नाटकला १९८ हव्या होत्या. रजनीश गुरबानी या इंजिनिअर झालेल्या पोराने सात गडी टिपले, विदर्भ ५ धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीच्या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. त्या दिवशी आकडेवारीवाल्यांनी जुनी वही उघडली तेव्हा कळलं, रणजीच्या अंतिम सामन्यातली ही फक्त दुसरी हॅटट्रिक. पहिली चेपॉक, १९७३, बी. कल्याणसुंदरम. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ प्रथमच विजेता झाला.

फेब्रुवारी २०२५ मधला अहमदाबादचा प्रसंग रचून सांगितला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरातचे ४५५ झाले होते, शेवटची जोडी खेळत होती. अर्झान नागवासवालाने जोरदार फटका मारला. तो शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला आणि उडून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. त्याआधीच्या फेरीत जम्मू-काश्मीरला त्यांनी एका धावेच्या आघाडीवर मागे टाकलं होतं. अंतिम सामन्यात नागपूरला विदर्भानेही त्यांना पहिल्या डावाच्या आघाडीवरच हरवलं. ज्या नियमाने वर आणलं त्यानेच खाली बसवलं.

तमिळनाडूचं काय? मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर पुन्हा मुंबई, पुन्हा उपांत्य सामना. साई किशोरने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि संघ १४६ वर आटोपला. तरीही त्याच्याच फिरकीने मुंबईला ७ बाद १०६ वर आणलं होतं. इतक्यात शार्दूल ठाकूरने कारकिर्दीतलं पहिलं प्रथम श्रेणी शतक काढलं, तनुष कोटियन नाबाद ८९. हाच कोटियन आदल्या फेरीत तुषार देशपांडेबरोबर दहाव्या-अकराव्या क्रमांकावर येऊन शतक करून आला होता. असं १९४६ मध्ये सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी ओव्हलवर केलं, त्यानंतर हेच. मुंबई ३७८, तमिळनाडू दुसऱ्या डावात १६२, निकाल एक डाव ७० धावांनी. सामन्यानंतर तमिळनाडूच्या प्रशिक्षकाने आधी गोलंदाजी घ्यायला हवी होती, असं जाहीर सांगून टाकलं आणि दक्षिणेत मोठा गदारोळ झाला. प्रशिक्षकाचं नाव सुलक्षण कुलकर्णी. माजी यष्टिरक्षक, मुंबईचा.

या सगळ्यांत श्रेष्ठ कोणता, असं कोणी विचारलं तर १९९१ चं उत्तर सोपं आहे. कारण त्यात सचिन आहे, वेंगसरकर आहे, दोन धावा आहेत. खेळ म्हणून १९८२ ची शुक्ला-पीटर भागीदारी त्याच्या वर ठेवावी लागेल. दोन बिनचेहऱ्याच्या माणसांनी ७०५ धावांचं ओझं उचललं, आणि त्यांच्यासाठी कुणी रडलंही नाही.

अशा सामन्यांना आजही हजार-दोन हजार माणसं असली तर खूप. बहुतेक मैदानांवर तिकीटही लागत नाही. पुढच्या मोसमात बाद फेरीचा सामना नागपूर, पुणे, मुंबई, चेन्नई किंवा जवळपास कुठे लागला, तर पहिल्या दिवशी जाऊ नका. पहिल्या डावाची आघाडी आठ-नऊ गड्यांनंतरही बाकी असेल, त्या दिवशी सुट्टी टाका.